घंटागाडीचा मार्ग आणि संशोधनाचा पैसा

वाशीतील एखाद्या सेक्टरमध्ये कचरा गोळा करणाऱ्या घंटागाडीला सकाळच्या फेरीत वीस सोसायट्यांच्या दारांशी थांबायचे आहे आणि शेवटी निघाली त्याच चौकीवर परत यायचे आहे. एकूण अंतर सर्वांत कमी भरावे यासाठी सोसायट्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात? या प्रश्नाला गणित लागेल असे वरकरणी वाटत नाही, कारण त्या भागात काही वर्षे गाडी चालवलेला चालक नकाशा न पाहताही एक चांगला क्रम सांगू शकतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. त्याने सांगितलेल्या क्रमापेक्षा अधिक चांगला क्रम अस्तित्वातच नाही, हे कोणी आणि कसे सिद्ध करायचे?

सर्व क्रम एकेक करून तपासणे हा पहिला सुचणारा उपाय आहे. दहा सोसायट्या असतील आणि फेरी कोणत्याही दिशेने मारली तरी चालणार असेल, तर १८,१४,४०० वेगवेगळ्या फेऱ्या होतात, आणि एवढ्या फेऱ्या साधा संगणकही क्षणात तपासतो. वीस सोसायट्यांसाठी मात्र ही संख्या सुमारे १२ हजार कोटींच्या एक कोटी पट होते. सेकंदाला शंभर कोटी फेऱ्या तपासणारे यंत्र लावले तरी त्याला साडेअडतीस वर्षे लागतील, आणि आणखी पाच सोसायट्या वाढवल्या तर त्याच यंत्राला सुमारे साडेचोवीस कोटी वर्षे लागतील. यंत्राचा वेग हजारपट केला, तरी तेवढ्याच साडेअडतीस वर्षांत जेमतेम दोन सोसायट्या अधिक घेता येतात. म्हणून यंत्रे वेगवान होत जातील तसा हा प्रश्न आपोआप सुटेल, ही समजूत मुळातच चुकीची आहे. येथे वेगाने मोजण्यापेक्षा बहुतेक शक्यता न मोजताच बाजूला सारण्याची रीत शोधावी लागते.

अशा रीती शोधणाऱ्या गणितशाखेला संयोजनात्मक इष्टतमीकरण म्हणतात. मोजता येण्याजोग्या, पण अफाट संख्येने असलेल्या जुळण्यांमधून सर्वांत कमी खर्चाची किंवा सर्वांत अधिक लाभाची जुळणी निवडणे, एवढाच तिचा विषय आहे. आपल्या परिसरात हे प्रश्न जागोजागी आहेत. परिवहन उपक्रमाला चालक आणि वाहकांच्या पाळ्या लावताना, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्याला एकाच यंत्रावरील कामांचा क्रम ठरवताना, भिवंडीच्या गोदामातून निघणाऱ्या टेम्पोंत माल वाटून देताना याच जातीची निवड करावी लागते. न्हावा शेवा बंदरात तर ती डोळ्यांना दिसते. २०२४-२५ या वर्षात तेथे वीस फुटी पेटीच्या मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. यार्डात ते एकावर एक रचलेले असतात. खालचा कंटेनर आधी न्यायचा असेल तर वरचे उचलून दुसऱ्या थप्पीवर ठेवावे लागतात, आणि तेथे ते पुन्हा कोणाच्या तरी आड येतात. क्रेनची प्रत्येक उचल म्हणजे इंधन आणि वेळ. कमीत कमी उचलींत सगळे कंटेनर ठरलेल्या क्रमाने बाहेर काढण्याची योजना हाही घंटागाडीच्या प्रश्नाइतकाच कठीण प्रश्न असल्याचे सिद्ध झालेले आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. सर्व फेऱ्या न तपासता एखादी फेरी सर्वोत्तम असल्याचे सिद्ध करण्याची वाट १९५४ मध्ये जॉर्ज डँट्झिग, रे फुल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन या तिघांनी दाखवली. अमेरिकेतील ४९ शहरांमधून जाणारी सर्वांत लहान फेरी त्यांनी शोधली, तीही बहुतांश आकडेमोड हाताने करून. त्यांची युक्ती समजली की या शास्त्राचा गाभा समजला, म्हणून तिच्याकडे थोडे सावकाश पाहू.

समजा, गाडीला वाशी आणि ऐरोली या दोन्ही ठिकाणच्या सोसायट्या घ्यायच्या आहेत. कोणत्याही दोन सोसायट्यांना जोडणाऱ्या वाटेसाठी एक आकडा ठरवायचा: ती वाट फेरीत घेतली तर १, नाही घेतली तर ०. प्रत्येक सोसायटीत गाडी एका वाटेने येते आणि दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून प्रत्येक सोसायटीशी जोडलेल्या वाटांच्या आकड्यांची बेरीज दोन झाली पाहिजे. आता मुद्दाम एक सवलत द्यायची: हा आकडा ० किंवा १ च असला पाहिजे असे नाही, अर्धा किंवा पाऊण असला तरी चालेल. अर्धी वाट चालणे प्रत्यक्षात निरर्थक आहे, पण या सवलतीमुळे प्रश्न एकदम सोपा होतो आणि डँट्झिग यांनीच १९४७ मध्ये शोधलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीने तो सुटतो. शिवाय प्रत्येक खरी फेरी या सवलतीच्या प्रश्नातही बसते, त्यामुळे सवलतीच्या उत्तराचे अंतर खऱ्या सर्वोत्तम फेरीपेक्षा कधीही जास्त असू शकत नाही. म्हणजे एकही फेरी न तपासता आपल्याला एक खालची मर्यादा मिळाली: कोणतीही फेरी याहून लहान असणे शक्य नाही.

ही पहिली मर्यादा सहसा फार खाली असते. सवलतीचे उत्तर पाहिले तर त्यात वाशीतल्या सोसायट्यांचे एक स्वतंत्र वर्तुळ आणि ऐरोलीतल्या सोसायट्यांचे दुसरे वर्तुळ दिसू शकते, आणि मधून जाणारी वाटच नसते. अटी पाळल्या गेल्या, पण फेरी झाली नाही. मग एक नवी अट घालायची: वाशीच्या गटातून बाहेर जाणाऱ्या वाटांच्या आकड्यांची बेरीज किमान दोन असली पाहिजे, कारण गाडीला त्या गटातून एकदा तरी बाहेर पडावे लागेल आणि परत यावेही लागेल. सुताराने रंधा मारून फळीचा नको तो पापुद्रा काढावा आणि कामाच्या लाकडाला धक्का लावू नये, तसे या अटीने निरर्थक उत्तरे तासली जातात आणि खरी फेरी एकही वगळली जात नाही. पुन्हा सोडवायचे, पुन्हा दोष शोधायचा, पुन्हा अट घालायची. खालची मर्यादा हळूहळू वर चढत जाते, आणि हातात असलेल्या फेरीच्या अंतराला ती ज्या क्षणी टेकते, त्या क्षणी ती फेरी सर्वोत्तम असल्याचे सिद्ध होते. टेकली नाही तरी दोन्हींमधील तफावत माहीत असते, आणि माझ्या दृष्टीने व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. तफावत दोन टक्के असेल, तर जगातील कोणताही तज्ज्ञ आणि कोणतेही यंत्र तुमची फेरी दोन टक्क्यांहून अधिक सुधारू शकणार नाही, हे आपण लेखी देऊ शकतो.

याच पद्धतीला अनेकांनी दिलेली धार आणि नंतरचे वेगवान संगणक यांच्या जोरावर २००४ मध्ये स्वीडनमधील २४,९७८ ठिकाणांची आणि २००६ मध्ये संगणकाच्या चिपवरील ८५,९०० बिंदूंची सर्वोत्तम फेरी सिद्धतेसह सापडली. तेव्हा 'कठीण' या शब्दाचा अर्थ नीट लावून घ्यायला हवा. स्टीफन कुक यांचे १९७१ चे काम आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेली २१ प्रश्नांची यादी यांतून असे दिसले की, वरवर वेगळे वाटणारे असंख्य प्रश्न आतून एकमेकांशी बांधलेले आहेत. त्यांपैकी एकासाठीही सदैव जलद चालणारी रीत सापडली, तर ती सगळ्यांसाठी सापडेल. तशी रीत आहे की नाही, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणितसंस्थेने २००० मध्ये या प्रश्नाच्या उत्तरासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि ते आजही कोणाला मिळालेले नाही. कठीण म्हणजे प्रत्येक वेळी जलद सुटेल अशी हमी देता येत नाही, एवढाच अर्थ. प्रत्यक्षातील बरीच उदाहरणे सुटतात.

सोपे आणि कठीण यांच्यातील सीमाही अनपेक्षित जागी असते. सोसायट्यांना भेट देण्याऐवजी रस्ते झाडणारे यंत्र सेक्टरमधील प्रत्येक रस्त्यावरून किमान एकदा न्यायचे असेल, तर हा प्रश्न अधिक किचकट वाटतो, पण तो सोपा आहे. ज्या चौकांत मिळणाऱ्या रस्त्यांची संख्या विषम असते, तेथे काही रस्ते दुसऱ्यांदा तुडवणे भाग पडते. अशा विषम चौकांच्या जोड्या कमीत कमी अंतरात लावल्या की काम झाले. हा प्रश्न चिनी गणिती ग्वान मेइगू यांनी १९६० मध्ये मांडला, आणि जोड्या लावण्याची जलद रीत जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिली. सर्व रस्ते दुहेरी असोत की सर्व एकेरी, प्रश्न सोपाच राहतो. मात्र ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत असते तशी काही रस्ते एकेरी आणि काही दुहेरी अशी सरमिसळ झाली की तोच प्रश्न कठीण वर्गात जातो, हे १९७६ मध्ये क्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांनी सिद्ध केले. वाहतूक पोलिसांनी लावलेल्या एका पाटीमुळे प्रश्नाची जात बदलावी, ही बाब मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

१९७६ याच वर्षी निकोस ख्रिस्तोफिदेस यांनी अशी जलद रीत दिली की तिने काढलेली फेरी सर्वोत्तम फेरीच्या दीडपटीहून कधीही मोठी होत नाही. त्यासाठी दोन अटी आहेत: जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे हवे, आणि वळसा घालून जाणे थेट जाण्यापेक्षा जवळचे नसावे. हा दीडचा आकडा ओलांडण्याचा प्रयत्न चार दशकांहून अधिक काळ चालला. अखेर २०२० मध्ये ॲना कार्लिन, नेथन क्लाइन आणि शायान ओवेइस घरान यांनी तो खाली आणला, पण किती? दशांशचिन्हानंतर पस्तीस शून्ये लिहून मग १ लिहिला तर जी संख्या होते, तेवढीच सुधारणा त्यांना सिद्ध करता आली. कोणत्याही घंटागाडीचे एक थेंब इंधन यामुळे वाचणार नाही. तरीही संशोधकांनी या निकालाचे मनापासून स्वागत केले, कारण दीडपट ही निसर्गाने घातलेली सीमा नाही हे त्यातून कळले.

अशा निकालासाठी सार्वजनिक पैसा का द्यावा, हा प्रश्न करदात्याने विचारणे योग्यच आहे, आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येते. जर्मन गणिती मार्टिन ग्रोशेल यांनी उत्पादन-नियोजनाच्या एका नमुना प्रश्नाचा हिशेब मांडला होता, आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१० च्या अहवालात तो उद्धृत केला. १९८८ मधील संगणक आणि त्या वेळच्या रीती वापरून हा प्रश्न सोडवायला ८२ वर्षे लागली असती. २००३ मध्ये तो सुमारे एका मिनिटात सुटू लागला. ही सुधारणा ४ कोटी ३० लाख पटींची आहे. तिच्यापैकी सुमारे १,००० पट यंत्रांच्या वेगातून आली आणि सुमारे ४३,००० पट सुधारलेल्या रीतींतून. हा एकाच प्रश्नाचा हिशेब आहे, सगळीकडे हेच प्रमाण निघेल असे नाही. पण नवे यंत्र दाखवता येते, त्याचे उद्घाटन करता येते आणि अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र ओळ मिळते, तर रीतीतील सुधारणा कागदावरच राहते आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. म्हणून हा हिशेब निधी वाटणाऱ्या प्रत्येक समितीपुढे असावा असे मला वाटते.

या रीतींच्या पायाभरणीचा खर्च मुख्यतः सरकारांनी केला. सिम्प्लेक्स पद्धतीच्या वेळी डँट्झिग अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते. ४९ शहरांचा निकाल लागला ती रँड ही संस्था हवाई दलाच्याच पैशावर चालत होती. एडमंड्स १९६५ मध्ये तेथील सरकारी मापन-प्रमाण संस्थेत नोकरीला होते. पुढे या ज्ञानावर खासगी सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते उद्योगांपर्यंत नेले, यात गैर काही नाही. पण सार्वजनिक शिक्षणातून घडलेली प्रतिभा आणि खासगी मालकी यांचा सांधा कसा असावा, हा प्रश्न उरतोच. मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे नरेंद्र करमरकर. पवईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेतलेल्या करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिम्प्लेक्सला तोडीस तोड ठरलेली नवी पद्धत शोधली. सवलतीच्या प्रश्नाची सगळी शक्य उत्तरे मिळून अनेक पैलूंची एक आकृती होते, असे मानता येते. सिम्प्लेक्स तिच्या कडेकडेने जाते. करमरकरांची रीत आकृतीच्या आतून वाट काढते. त्यांच्या मालक कंपनीने, एटी अँड टीने, या पद्धतीवर पेटंट मागितले आणि १९८८ मध्ये ते मंजूर झाले. गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते का, यावर तेव्हा तीव्र वाद झाला. दरम्यान १९८६ मध्ये इतर संशोधकांनी या पद्धतीचे नाते साठच्या दशकातील जुन्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या रीतींशी दाखवून दिले, आणि आज तिच्या सुधारित आवृत्त्या सर्वत्र वापरल्या जातात.

भारतात संशोधन आणि विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत त्याच्याकडे ५० हजार कोटी रुपये यावेत अशी योजना आहे. त्यांपैकी १४ हजार कोटी केंद्र सरकारकडून आणि बाकीचे मुख्यतः उद्योग व देणगीदारांकडून अपेक्षित आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या स्वतंत्र निधीला मंजुरी दिली. हा पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, अल्पव्याजी किंवा बिनव्याजी कर्जाच्या रूपाने आणि काही अंशी भागभांडवल म्हणून खासगी क्षेत्राला मिळणार आहे, आणि तोही प्रयोगशाळेत पडताळून झालेल्या तंत्रज्ञानाला. दुसऱ्या टोकाला गणिताच्या प्राध्यापकांसाठी 'मॅट्रिक्स' ही योजना आहे, जिच्यात वर्षाला दोन लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे एवढी रक्कमही उपयोगी पडते. ही योजना मला मनापासून चांगली वाटते.

प्रमेय सिद्ध करणे आणि तयार वस्तू बाजारात नेणे ही दोन टोके अशी सांभाळली गेली, पण आपल्या घंटागाडीचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये येतो. प्रत्यक्षात त्या गाडीची क्षमता ठरावीक असते, ती भरली की तुर्भ्याच्या क्षेपणभूमीकडे खेप करावी लागते. ओला आणि सुका कचरा वेगळा उचलायचा असतो, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी काही रस्ते टाळायचे असतात, काही फाटकांतून मोठी गाडी आत जात नाही. अनेक गाड्या आणि त्यांच्या क्षमता यांचा प्रश्न डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी १९५९ मध्येच मांडला होता, पण प्रत्येक शहराच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या मुकादमाशी व चालकांशी बसून समजून घ्याव्या लागतात. हे काम शोधनिबंधासाठी फार स्थानिक आणि कर्जासाठी फार बेभरवशाचे ठरते, कारण परतफेड कोण करणार? अमेरिकेतील यूपीएस या कुरिअर कंपनीने असे काम स्वतःच्या पैशाने केले आणि वर्षाला सुमारे एक कोटी गॅलन इंधन वाचल्याचे जाहीर केले. महापालिकेकडे ना तेवढा निधी असतो ना तसा गणितज्ञांचा गट. मधल्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांची एक मोहीम मंजूर केली आणि तिच्यातून आयआयटी मुंबईसह २५ ठिकाणी केंद्रे उभी केली. तो योग्य दिशेने टाकलेला पाय होता, आणि शहरसेवांच्या अशा प्रश्नांसाठी त्याच धर्तीची लहान अनुदाने ठाणे व नवी मुंबई महापालिका आणि जवळची महाविद्यालये यांच्या जोड्यांना मिळावीत, असे माझे मत आहे.

अशा अनुदानाचा मोठा भाग माणसांच्या पगारावर जाईल. सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही: एडिनबरा विद्यापीठात वाढलेले 'हाय्स' आणि बर्लिनच्या झूझ संस्थेतील 'स्किप' हे असे प्रश्न सोडवणारे सॉफ्टवेअर संच आज खुल्या परवान्याने मोफत मिळतात, आणि रस्त्यांचे नकाशे 'ओपनस्ट्रीटमॅप'वर आहेत. नसते ती थांब्यांची यादी, प्रत्येक थांब्यावर लागणारा वेळ, उचललेल्या कचऱ्याचे वजन. ही माहिती महापालिकेने खुली करणे ही अनुदानाची पहिली अट असावी आणि तयार झालेली संगणकीय आज्ञावली सर्वांना खुली ठेवणे ही दुसरी. वाचलेल्या वेळाचा उपयोग कामगार कमी करण्यासाठी न होता राहून गेलेल्या वस्त्यांपर्यंत गाडी नेण्यासाठी व्हावा, हेही करारातच लिहिलेले बरे.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्ग जाहीर करताना केवळ त्याची लांबी न सांगता त्याच्याशेजारी सिद्ध झालेली खालची मर्यादाही छापावी. समजा, एका प्रभागातील गाड्यांचा रोजचा मार्ग १०० किलोमीटरचा आहे आणि खालची मर्यादा ९७ किलोमीटर निघाली; मग ठेकेदाराने अंतर आणखी वीस किलोमीटरने घटवून दाखवण्याचा दावा केला, तर एखादा थांबा गाळल्याशिवाय किंवा एखादी अट मोडल्याशिवाय ते शक्य नाही, हे प्रभागातील कोणताही नागरिक कागद पुढे करून सांगू शकेल. आणि मर्यादा ६० किलोमीटर निघाली, तर मार्ग वाईट आहे की मर्यादाच अजून पुरेशी वर चढलेली नाही, हे महाविद्यालयाच्या गटाला तपासावे लागेल, आणि ते तपासण्यासाठी लागणारी आज्ञावली व माहिती दोन्ही तेव्हा खुली असतील.